ट्रान्सट्रोमरचं वृत्त

स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमरची कविता तुम्ही स्वीडनमधले मराठी वाचक मूळ भाषेत वाचू शकता. आम्हा महाराष्ट्रातल्या वाचकांकडे ती इंग्रजीतून येते. रॉबिन फुल्टन आणि रॉबर्ट ब्लाय या अनुवादकांची मी मनापासून ऋणी आहे. ब्लाय आणि ट्रान्सट्रोमर यांचा पत्रव्यवहार १९६४पासूनचा. दोघं एकमेकांच्या कविता आपापल्या भाषेत आणायचे, एकेका ओळीवर शंका विचारायचे. अनुवाद कसा घडतो हे पाहायचं असेल तर ती छापलेली पत्रं जरूर वाचा.

पण इंग्रजीच्या वाटेने येताना एक गोष्ट बऱ्याचदा मागे राहते, ती म्हणजे वृत्त. ट्रान्सट्रोमर म्हणजे लख्ख प्रतिमांचा मुक्तछंदातला कवी, अशीच आपली समजूत होते. १९५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी आलेल्या त्याच्या '१७ कविता' या पहिल्या संग्रहात मात्र प्राचीन ग्रीक-लॅटिन वृत्तं आहेत. ती त्याला शाळेत रोमन कवी होरेस वाचताना भेटली. आठवणींच्या छोट्या पुस्तकात त्याने तो लॅटिनचा तास रंगवला आहे : विद्यार्थी अडखळत भाषांतर करायचा तेव्हा कविता अगदी मलूल व्हायची, आणि मूळ ओळी पुन्हा वाचल्या की ती उठून उभी राहायची. अनुवादाबद्दल इतकं खरं मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे.

पहिल्या संग्रहातल्या या वृत्तांपैकी ग्रीक कवयित्री सॅफोचं वृत्त घ्या. अकरा-अकरा अक्षरांच्या तीन ओळी आणि शेवटी पाच अक्षरांची एक आखूड ओळ. अकरा अक्षरं आपल्याला परकी नाहीत. शालिनी, इंद्रवज्रा ही आपली वृत्तं अकरा अक्षरांचीच, आणि वेदांतला त्रिष्टुभही. ग्रीक आणि वैदिक छंदांच्या नात्याचा भाषाशास्त्रज्ञांनी गंभीरपणे विचार केला आहे. ग्रीकमध्ये हे वृत्त आपल्यासारखंच लघु-गुरूंवर चालायचं; स्वीडिशमध्ये ते आघातांवर चालतं. त्यामुळे साचा उचलून मराठीत ठेवता येणार नाही. पण तीन ओळी भरून वाहिल्यावर चौथी अचानक थांबते तेव्हा काय होतं, हे श्लोक म्हणत वाढलेल्या मराठी कानाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की या कवितांसाठी मराठीला इंग्रजीच्या मध्यस्थीची गरज नाही.

सगळ्याच कवितांना हे लागू नाही. त्याच्या नंतरच्या कित्येक कविता मोकळ्या, गद्याजवळच्या आहेत. तिथे वृत्ताचा हट्ट धरला तर नुकसानच होईल. १९९०मध्ये पक्षाघाताने त्याची वाचा जवळजवळ गेली, उजवा हात गेला. तो डाव्या हाताने पियानो वाजवत राहिला, आणि २००४च्या संग्रहात ४५ हायकू आले. शिरीष पैंमुळे हायकू आपल्या घरचा झालेला आहे, तेव्हा तिथेही वाट तयार आहे.

तुमच्या घरात दोन्ही कान आहेत. मुलांना स्वीडिशचे आघात न शिकवता कळतात, आणि तुम्हाला मराठीचे लघु-गुरू. पहिल्या संग्रहातली एक कविता मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, आघातांवर टाळी द्यायला सांगा, आणि मग मराठी लिहायला बसा. तुमच्या मराठी मंडळाच्या पुढच्या दिवाळी अंकात अशा अनुवादांसाठी चार पानं राखून ठेवावीत, ही संपादकांना माझी जाहीर विनंती.