शहराची वाढ कोणासाठी?



शहर वाढते ते नेमके कोणासाठी, हा प्रश्न महापालिकेच्या प्रत्येक उमेदवाराला विचारला गेला पाहिजे. १९६१ साली मृणाल गोरे मुंबई महापालिकेवर निवडून आल्या, त्या गोरेगावातील पाण्याचा प्रश्न हाती घेऊनच. वस्ती वाढली तरी नळ पोहोचत नसेल, तर ती वाढ बिल्डरांची होय, रहिवाशांची नव्हे. पुढे ‘नागरी निवारा’ने कमाल जमीन धारणा कायद्यातील अतिरिक्त जमिनीसाठी लढून दिंडोशीत सुमारे ६,००० घरे उभारली. १९८३ साली ‘स्वाधार’ केंद्र निघाले. पोलीस चौकी हवीच. परंतु घरातून हाकललेल्या स्त्रीची सुरक्षितता हक्काच्या छपरापासून सुरू होते. मत मागणाऱ्या कार्यकर्त्यांनी हाच हिशेब मतदारांपुढे ठेवावा.