शिट्ट्या मोजू नका

उद्या पोळा, परवा कर. श्रावणभर ज्या घरांत मटण शिजलं नाही, तिथे परवा शिजणार. सकाळी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक बघायला नागपूरच्या इतवारीत माणूस लोटणार, आणि घरी परतताना मटणाच्या दुकानापुढे रांग लागणार. मग दुपारी गल्लोगल्ली एकच आवाज, कुकरच्या शिट्ट्यांचा. मला जी काही मिनिटं दिली आहेत ती मी या शिट्ट्यांवरच खर्च करणार आहे.

मसाला शिकवायला मी आलेले नाही. सावजी मसाला नागपूरकरांना कोणी शिकवावा? धने, शहाजिरे, दगडफूल, खसखस, मसाला वेलची, सुकं खोबरं. तुमच्या घरचं प्रमाण तुम्हाला ठाऊक. भिवापुरी मिरची किती सोसते तेही ठाऊक. माझं भांडण आहे ते आचेशी. एवढा मसाला निगुतीनं भाजायचा, वाटायचा, तेल सुटेपर्यंत परतायचा, आणि मटण मात्र पंचवीस मिनिटांत उरकायचं, हे मला पटत नाही.

सावजी जेवण हलबा कोष्ट्यांच्या घरातलं, विणकरांचं. म्हणून दाखलाही मागावरचाच घेते. मागावरून उतरलेलं नवं सुती लुगडं कडक असतं, कारण विणताना तुटू नये म्हणून सुताला खळ दिलेली असते. हे लुगडं मऊ करायचं तर शहाणी बाई ते कोमट पाण्यात निवांत भिजत घालते. खळ हळूहळू पाण्यात उतरते, पाणी दाटसर होतं, धागा मोकळा होतो. तेच घाईघाईनं दगडावर आपटून धुतलं, तर खळ निघते, पण सूतही विरतं.

मटणात हीच खळ आहे. तिला कोलॅजन म्हणतात. मांसाचे धागे बांधून ठेवणारा तो चिवट भाग. जो अवयव जास्त राबतो, त्यात ही खळ जास्त: मान, खांदा, सीना, पायाची पोटरी. सत्तर अंशांच्या पुढे, पाण्यात, काही तास राहिलं की हे कोलॅजन विरघळतं, त्याचं जिलेटिन होतं आणि रश्शात उतरतं. बोटाला किंचित चिकटणारा, ओठाला लागणारा रस्सा असतो ना, तो यामुळे. रस्सा दाट व्हावा म्हणून काही घरांत ज्वारीचं पीठ भाजून लावतात. लावा. पण खळ नीट उतरली असेल तर चमचाभर पुरतं.

कुकरमध्ये खळ सुटत नाही असं मी म्हणत नाही. सुटते, आणि लवकर सुटते, कारण आत एकशेवीस अंशांच्या आसपास आच असते. पण त्या आचेत धागाही पिळला जातो. त्यातलं पाणी निघून जातं. मटण शिजलेलं असतं, हाडापासून सुटलेलंही असतं, पण चावलं की चोथा. रस्सा एकीकडे, मटण एकीकडे. लुगडं मऊ झालं आणि विरलंही.

आपल्या जुन्या चुलीला वैल होता. मुख्य जाळावर भाकरी व्हायची आणि बाजूच्या वैलावर, उरलेल्या धगीवर, भांडं तासन् तास रटरटत राहायचं. फ्लॅटमध्ये वैल कुठून आणणार? म्हणून मी स्लो कुकरची बाजू घेते. बाहेरून विजेची मंद आच, आत मातीचं जड भांडं, वर झाकण. हे यंत्र अमेरिकेत शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांनी काढलं. १९४० मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं, आणि १९७१ पासून ते क्रॉक-पॉट या नावानं घराघरांत गेलं. त्यांना ते सुचलं आईच्या आठवणीवरून. यहुदी घरांत शनिवारी चूल पेटवत नाहीत, म्हणून तिच्या लहानपणी शुक्रवारी संध्याकाळी मांस आणि घेवड्याच्या दाण्यांची हंडी गावातल्या बेकरीच्या भट्टीत ठेवत. भट्टी निवत जायची आणि हंडी रात्रभर शिजायची. आयर्लंडमध्ये गाईबैलाच्या पोटरीचं मांस काळ्या स्टाउट बिअरमध्ये असंच तासन् तास ठेवतात. ती बिअर भाजलेल्या जवाची, म्हणून रंग काळा आणि चव जराशी कडवट. आपल्या रश्शाला तो रंग आणि ती खोली भाजलेलं खोबरं आणि मसाला देतात. बिअर नको, पण वेळ तेवढाच हवा.

आता करायचं कसं. मसाला आणि मटण आधी कढईत परतून घ्या. हे चुकवू नका. स्लो कुकरची आच शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे त्यात काहीही खरपूस होत नाही. किलोभर मटणाला तीन कप पाणी, तेही गरम. यात वाफ बाहेर जात नाही, पाणी आटत नाही, म्हणून नेहमीपेक्षा कमी घाला. मोठ्या आचेवर चार ते पाच तास, मंद आचेवर सात ते आठ. मटण लवकर आणून मारबत बघायला निघण्याआधी लावा, जेवायच्या वेळेला तयार. आणि झाकण उघडू नका! दर वेळी उघडलं की वीस-पंचवीस मिनिटं वाढतात. वास आला म्हणून उघडायचं, मीठ बघायचं म्हणून उघडायचं, पाहुण्यांना दाखवायला उघडायचं. अहो, शिजू द्या की त्याला.

ज्यांच्याकडे स्लो कुकर नाही त्यांनी जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण आणि गॅसची सगळ्यात बारीक ज्योत घ्यावी. पाण्यावर अधूनमधून एखादाच बुडबुडा यायला हवा. खळखळ उकळलं की लुगडं पुन्हा दगडावर आपटलंत म्हणून समजा.

म्हशीचं मांस शिजवणाऱ्या घरांना तर हे दुप्पट लागू आहे. २०१५ पासून आपल्या राज्यात बैल कापायलाही बंदी आहे, म्हशीचं मांस मिळतं, आणि ती जनावरं बहुधा वय झालेली असतात. वय वाढतं तशी खळ घट्ट होते. अशा मांसाला दोन तास जास्त द्या.

आणि दुकानात गेल्यावर बोनलेस मागू नका. ही माझी हात जोडून विनंती. लुसलुशीत तुकडे हवेत म्हणून आपण रानाचं, म्हणजे मांडीचं, मटण मागतो, जास्त पैसे मोजतो, आणि मंद आचेवर तेच सगळ्यात आधी कोरडं पडतं, कारण त्यात खळच कमी. मान मागा, सीना मागा, नळ्या मागा. ज्याला आपण निबर म्हणून नाक मुरडतो तेच मटण पाच तासांनी बोटानं तुटतं. पुन्हा सांगते, कोणी आत्ताच रेडिओ लावला असेल त्यांच्यासाठी: खळ भरपूर असलेलं मटण, मंद आच, भरपूर वेळ. शिट्ट्या नाहीत.

खूर आणि सुंडरीचं बोलायचं होतं, त्यांचं गणित थोडं वेगळं आहे, पण समोरून वेळ संपल्याची खूण झाली आहे. म्हणून फक्त जिवाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी सांगते. वीज जाऊन दोन तासांवर झाले आणि भांडं कोमट पडलं, तर ते मटण कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्या. आणि मटण न खाणाऱ्यांनी स्लो कुकरमध्ये राजमा लावायचा असेल, तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं आणि मंद आचेवर ते मरत नाही. राजम्याला मात्र आधी मोठी आच, मग मंद.