कडक गुरूचें ऋण

वैद्यकीच्या विद्यार्थ्याला ग्रंथांहून अधिक घडवितात ते वॉर्डांतले वरिष्ठ डॉक्टर. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला असे दोघे लाभले. एक अतिशय मृदु. चुकीकडे कानाडोळा करीत. दुसरे कमालीचे कडक. नाडी न मोजतां आंकडा लिहिला म्हणून त्यांनीं त्याला सर्वांदेखत वॉर्डाबाहेर काढलें.

२०१७ सालीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकऱ्यांना विषबाधा झाली, कित्येक दगावले. अशा पुष्कळ विषांवर ॲट्रोपिन देतात आणि त्याची मात्रा नाडी व श्वास पाहूनच ठरते. माझा विद्यार्थी तेव्हां डॉक्टर झालेला होता. "गुरुजी, रात्ररात्र नाड्या मोजतांना कडक सरांचाच आवाज कानांत होता," तो म्हणाला.

मृदु शिक्षक म्हणून माझाही लौकिक होता. आतां वाटतें, तें सारेंच सौजन्य होतें, कीं थोडा आळसही?