सूर्य आणि भाकर यांच्यामध्यें मध्यस्थ कोण?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही आपणांपुढें एकच प्रश्न घेऊन उभे आहों, आणि तो आपल्या ताटांतलाच आहे. पायलीभर बीं पेरलें तर सुगींत खळ्यावर पोतीं भरून जोंधळा येतो, शिवाय कडब्याची गंजी लागते ती वेगळीच. हें वाढलेलें वजन येतें कोठून? ज्यांना आपल्या वाडवडिलांनीं हा प्रश्न विचारला, त्यांनीं पोथीकडे बोट दाखविलें. यज्ञ केला म्हणजे पाऊस पडतो, पाऊस पडला म्हणजे अन्न होतें, तेव्हां आधीं दक्षिणा ठेवा, हें उत्तर पिढ्यान् पिढ्या ऐकण्यांत आलें. दुसरीकडे आपल्यापैकीं पुष्कळ जण म्हणतील कीं, त्यांत विचारायचें काय, पीक माती खाऊन वाढतें. हें उत्तर प्रामाणिक आहे. पण तराजूंत घातलें तर तेंही उतरत नाहीं.

तराजूंत घालणारा पहिला मनुष्य, ज्यास आज बेल्जम म्हणतात त्या मुलखांतला, व्हान हेल्मांट नांवाचा वैद्य होता. त्यानें भट्टींत वाळविलेली २०० पौंड माती कुंडींत भरली, तींत ५ पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लाविलें, आणि पांच वर्षें पाण्यावांचून दुसरें कांहीं घातलें नाहीं. पांच वर्षांनीं झाड १६९ पौंडांवर गेलें. माती पुन्हा वाळवून तोलली, तों ती सुमारें दोन औंस, म्हणजे पांचएक तोळे, कमी भरली! हा प्रयोग त्याच्या मरणानंतर १६४८ सालीं छापून निघाला. झाड नुसत्या पाण्याचेंच बनतें, असें अनुमान हेल्मांटनें काढलें. अनुमान अर्धेंच खरें होतें. परंतु एवढें वजन मातींतून येत नाहीं, ही तराजूची साक्ष पुरी खरी होती.

पुढें १७७१ सालीं इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टले यानें बंद भांड्यांत मेणबत्ती विझेपर्यंत जळूं दिली, आणि त्या बिघडलेल्या हवेंत पुदिन्याची डहाळी ठेविली. कांहीं दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हा जळूं लागली. १७७९ सालीं यान इंगेनहाउस या डच वैद्यानें दाखविलें कीं, हवा सुधारण्याचें हें काम झाडाचे हिरवे भागच करतात, आणि तेंही उजेडांतच. मग जिनीव्हा शहरांतील सेनेबिए यानें १७८२ सालीं दाखविलें कीं, त्या वेळीं पान हवेंतला कर्बाम्ल वायु घेतें. आणि त्याच शहरांतील सोस्यूर यानें १८०४ सालीं सिद्ध केलें कीं, झाडाच्या वजनांत पाणीही जमा होत असतें. एकाचें अपुरें राहिलें तें दुसऱ्यानें पुरें केलें. कोणीं कोणाचें नुसतें ऐकून मानलें नाहीं. प्रत्येकानें स्वतः करून पाहिलें.

आतां पानाच्या आंत काय चालतें तें ऐका. पानाच्या अंगावर, बहुधा खालच्या बाजूस अधिक, नुसत्या डोळ्यांस न दिसणारीं बारीक छिद्रें असतात. त्यांतून कर्बाम्ल वायु, ज्यास मुलांच्या पुस्तकांत कार्बन डायऑक्साईड म्हणतात, तो आंत शिरतो. हवेच्या दहा हजार भागांत हा वायु चार भागांहून थोडासाच अधिक असतो. तेवढ्यावर सगळ्या जगाचें शेत पिकतें. मुळांनीं ओढलेलें पाणी देठावाटे पानांत येतें. पानांतलें हिरवें द्रव्य सूर्याचा प्रकाश धरतें. त्या बळानें पाणी फुटतें, त्यांतला प्राणवायु बाहेर पडतो, आणि राहिलेल्या भागाची कर्बाम्ल वायूशीं सांगड बसून साखर बनते. ह्या क्रियेस प्रकाशसंश्लेषण असें भारदस्त नांव दिलें आहे. नांवास भिऊं नका. उजेडाच्या साह्यानें जोडणें, एवढाच त्याचा अर्थ.

हिशेबही पाहून घ्या. २६४ शेर कर्बाम्ल वायु आणि १०८ शेर पाणी लागलें, तर १८० शेर साखर तयार होते व १९२ शेर प्राणवायु हवेंत सुटतो. दोन्ही बाजूंची बेरीज ३७२. सावकाराच्या वहींत आंकडा फिरतो, पण ह्या वहींत फिरत नाहीं.

ह्याच साखरेचें ज्वारीच्या दाण्यांत पीठ होतें, भुइमुगांत तेल होतें, कपाशीच्या बोंडांत धागा होतो आणि बाभळींत लांकूड होतें. वाळलेल्या पिकाच्या शंभर भागांपैकीं नव्वदांहून अधिक भाग हवेंतून व पाण्यांतून आलेले असतात. मातीचा वांटा थोडा, पण त्यावांचून गाडा चालत नाहीं. पानाचें हिरवें द्रव्य घडण्यास नत्र व मॅग्नेशियम लागतें, आणि तीं मातींतूनच घ्यावीं लागतात. शेतास खत मिळेनासें झालें म्हणजे पान पिवळें पडतें; आणि पिवळें पान म्हणजे बंद पडत चाललेला घाणा.

येथें आपल्या ज्वारी-बाजरीची थोरवी सांगितली पाहिजे. गहूं व भात यांच्या पानांत कडक उन्हाच्या वेळीं कर्बाम्ल वायूच्या जागीं प्राणवायु पकडला जातो आणि कमाईचा कांहीं भाग वायां जातो. ऑस्ट्रेलियांत हॅच व स्लॅक या दोघांनीं १९६६ सालीं उसाच्या पानाची निराळी रीत उलगडून दाखविली. मका, ज्वारी व बाजरी यांचीही रीत तीच आहे. हें पान आधीं बाहेरच्या पेशींत वायु गोळा करतें आणि मग आंतल्या पेशींत कोंडून त्याची साखर करतें. त्यामुळें छिद्रें कमी उघडूनही त्याचें काम भागतें, आणि शेरभर पीक उभें करण्यास पाणी कमी लागतें. ज्या धान्यास भरड म्हणून हिणविलें, आणि तें खाणारासही त्याबरोबर हिणविलें, त्या धान्याचें पान उन्हाच्या कामांत गव्हाच्या पानाहून हुशार निघालें!

तुम्ही विचाराल, ह्या ज्ञानाचा आम्हांस उपयोग काय? उपयोग रोजचा आहे. तणानें पिकावर सावली धरली म्हणजे तें पिकाच्या तोंडचा उजेड खातें. म्हणून खुरपणी वेळेवर पाहिजे. ओल तुटली कीं पान आपलीं छिद्रें मिटून घेतें. मग ऊन रग्गड असूनही आंत वायु येत नाहीं व कमाई थांबते; म्हणून एकच पाळी देण्याइतकें पाणी असेल, तर ती फुलोरा व दाणा भरण्याच्या वेळेस राखावी. कणीस भरत असतांना वरचीं हिरवीं पानें ओरबाडून गुरांपुढें टाकूं नयेत. तीं त्या कणसाची चूल पेटती ठेवीत असतात. आणि उसाचें पाचट जाळूं नये. पानांनीं वर्षभर हवेंतून गोळा केलेली पुंजी घटकाभरांत हवेंत परत जाते, आणि तिच्याबरोबर नत्रही जातें. तेंच पाचट कुजविलें तर जमीन भुसभुशीत होते व ओल धरते.

कारागीर बंधूंनीं हें शेतकऱ्यांचेंच बोलणें समजूं नये. सुताराचें लांकूड, तेल्याचें तेल, कोष्ट्याचें सूत, दोर वळणाराची अंबाडी, हीं सारीं पानानेंच केलेलीं आहेत. घाण्याचा बैल कडब्यांतलें ऊन खाऊन फिरतो. लोहाराच्या भट्टींत जो दगडी कोळसा फुलतो, तो कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या झाडांनीं सांठविलेला उजेड आहे. हातोडा उचलणाऱ्या दंडांतही तोच उजेड भाकरीवाटे आलेला असतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. सूर्य आणि भाकर यांच्यामध्यें मध्यस्थ कोण? निर्मिकानें तेथें एकच मध्यस्थ ठेविला आहे, तो म्हणजे हिरवें पान. तें दक्षिणा मागत नाहीं व मुहूर्त पाहत नाहीं. अग्रहारांतली तुळस आणि गांवकुसाबाहेरचा निंब, दोघांचीं पानें एकाच रीतीनें अन्न करतात. तें पान हिरवें राखण्याचें काम शेतांत राबणाऱ्या बायाबापड्यांचें आहे. असें असतां, जो अन्न पिकवितो त्यासच अन्न कसें होतें हें ठाऊक नसावें, ही स्थिति आपोआप आलेली नाहीं. विद्या आपल्यापासून दूर ठेविली गेली. म्हणून जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. म्हणूनच १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून त्यांनीं आपल्या दैन्याचें मूळ अविद्येंत दाखविलें. आज शाळा गांवोगांव आहे. पण मुलगा प्रकाशसंश्लेषणाचा धडा पाठ करतो, पास होतो, आणि बापाच्या बांधावरच्या पानाशीं त्या धड्याची गांठ घालीत नाहीं. ही गांठ घालणें आपलें काम आहे.

त्याची सुरुवात घरीं होऊं शकते. झाडावरच्या एका पानाचा अर्धा भाग काळ्या कागदानें दोन दिवस झांकून ठेवा. दुसऱ्या दिवशीं ऊन उतरतांना पान तोडा, पाण्यांत उकळा, आणि मग कढत पाण्याच्या भांड्यांत ठेविलेल्या स्पिरिटांत बुडवून त्याचा हिरवा रंग काढा. स्पिरिट चट्कन पेट घेतें, म्हणून आधीं चूल विझवा व मुलांजवळ मोठें माणूस असूं द्या. पान धुऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचे थेंब घाला. उघडा भाग निळा-काळा होईल, कारण तेथें पीठ तयार झालें आहे. झांकलेला भाग तसा होणार नाहीं. हा प्रयोग मुलाबरोबर मुलीच्याही हातून करवा. चुलीपुढें पीठ मळणारीस तें पीठ कोठें झालें, हें कळण्याचा पहिला हक्क आहे.

पोथींत लिहिलें म्हणून मानूं नका; आम्ही सांगितलें म्हणूनही मानूं नका. पान तुमच्या बांधावर आहे आणि ऊन तुमच्या अंगणांत आहे. स्वतः करून पाहा आणि शेजाऱ्यास दाखवा.