हिरव्या भिंतीला पहिला हात देण्याआधी

दिवाळी तोंडावर आली की घर रंगवायची बोलणी सुरू होतात. यंदा आमच्या गटांच्या बैठकीत गडद हिरव्या रंगाचं नाव सारखं निघतंय. हिरवा चुडा आणि ओटीतला हिरवा खण आपल्याला प्रिय, मग भिंत हिरवी का नको? जरूर करू या. पण डबा उघडण्याआधी चार गोष्टी बघू.

पहिली गोष्ट उजेडाची. गडद रंग उजेड पिऊन टाकतो. एकच लहान खिडकी असलेल्या खोलीच्या चारही भिंती हिरव्या केल्या, तर भरदुपारी दिवा लावावा लागेल. खिडकीसमोरची भिंत आणि छत पांढरं ठेवा, म्हणजे उजेड खोलीभर पसरेल. हिरवी करा बाजूची एकच भिंत. किंवा खालचा तीन फुटांचा पट्टा. तिथे तेलकट डोकी टेकतात, ते डाग लपतात. धूळ मात्र गडद रंगावर जास्त दिसते.

दुसरी गोष्ट ओलीची. गळकं छत, मोरीचं पाणी, जे कारण असेल ते आधी बंद करा. ओल्या भिंतीवर तेलरंग दिला की फुगे येतात आणि पोपडे सुटतात. भिंतीवर तळहात घासून पाहा. चुना हाताला लागला, तर तो खरवडल्याशिवाय नवा रंग धरणार नाही. मातीच्या भिंतीला तेलरंग देऊच नका.

तिसरी गोष्ट पैशाची. भिंत दहा फूट लांब, नऊ फूट उंच असेल, तर नव्वद चौरस फूट झाली. त्यातून दार वजा करा. एका लिटरमध्ये दोन हात देऊन किती चौरस फूट होतात, ते डब्यावर वाचा आणि तेवढाच रंग घ्या. मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाहीत. शिवाय पुन्हा मिसळताना छटा थोडी बदलू शकते, म्हणून लागेल तेवढा एकदमच घ्या.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. पिवळ्या रंगासाठी शिशाचं संयुग वापरत, आणि त्यात निळा मिसळून हिरवा करत. म्हणजे जुनं हिरवं दार, जुना हिरवा पट्टा, इथे जास्त जपायचं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं, गर्भालाही पोचतं. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त ठेवून रंग बनवायला बंदी आहे. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि पक्कं बिल मागा.

जुना रंग कोरडा घासू नका, जाळून तर मुळीच काढू नका. भिंत ओली करून पॉलिश पेपर लावा. मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी राहू देत. भांडी, पाण्याचा माठ, धान्य आधी बाहेर काढा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. ते फडकं आणि पोपडे पिशवीत बांधा. चुलीत किंवा परसातल्या भाजीत टाकू नका. जुना रंग घट्ट बसलेला असेल, तर तो न उकरणंच बरं.

मैत्रिणींनो, हे काम पुष्कळदा आपणच करतो, पदर खोचून, कडेला पोर घेऊन. या वेळी पोराला आधी शेजारी पोचवू, मग पॉलिश पेपर हातात घेऊ.