फुटलेला ताफा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून पुष्कळांनी आम्हांस रस्त्यात अडवले. "तुम्ही कामगारांची माणसे. मजुरीवर बोला, बोनसवर बोला, नव्या श्रमसंहितांवर बोला. हे रॉक बँडचे खूळ तुमच्या डोक्यात कुठून शिरले?" प्रश्न रास्त आहे. पण बोनसवर आम्ही तीस वर्षे फाटकाफाटकावर बोलत आलो आहोत. आज जे सांगायचे आहे ते फाटकावर सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, म्हणून ते या व्यासपीठावर घेऊन आलो आहोत. ज्यांना हे संगीत गोंगाट वाटते त्यांनी भिऊ नये. आज गाणे होणार नाही, फक्त गोष्ट होणार आहे.

आमची शाळा नववीत सुटली. १९९० साली अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत आम्ही हंगामी म्हणून लागलो. रेच्यांची ओळ चालू असताना ज्यांनी ऐकली आहे त्यांना सांगायला नको, की तिथे माणूस माणसाशी बोलत नाही, ओरडतो. नाकातोंडात कापसाची तूस आणि कानात घरघर. पाळी सुटली तरी कानातली घरघर सुटत नसे. आमच्याच पाळीत एक फिटर होता, आमच्याहून वर्षाने मोठा. त्याच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता आणि मुंबईच्या मामेभावाने दिलेली एक कॅसेट. बँडचे नाव 'गन्स एन रोझेस'. पहिल्यांदा ऐकली तेव्हा आम्हांस वाटले, टेप बिघडला. दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा वाटले, हा तर आमच्या रेच्यांचाच आवाज आहे. कोणीतरी तो सुरात लावला आहे एवढेच. तिसऱ्या वेळेपासून आम्ही त्या बँडचे झालो.

मामेभाऊ गाण्यांचे शब्द वहीच्या पानांवर उतरवून पाठवी. शब्दकोश मधे ठेवून आम्ही दोघे ती पाने लावीत बसत असू. पुढे कामगार कायद्याची इंग्रजी पुस्तके आम्ही वाचली ती त्याच पुण्याईवर. काही शब्द शब्दकोशात सापडत नसत. ते का सापडत नाहीत, हे कळायला बरीच वर्षे लागली.

आता त्या बँडची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती ऐकताना युनियनच्या माणसाला आपल्याच ऑफिसात बसल्यासारखे वाटते. १९८५ साली अमेरिकेत लॉस एंजल्स शहरी दोन बँडांतली माणसे एकत्र येऊन हा बँड झाला. नावातही दोन्हींचे तुकडे आहेत. गायक ॲक्सल रोझ, गिटारवर स्लॅश आणि इझी स्ट्रॅडलिन, बेसवर डफ मॅकॅगन, ड्रमवर स्टीव्हन ॲडलर, असे पाच जण. १९८७ साली 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' ही त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली. तिच्यावर गाण्यांचे श्रेय एकेकट्याला नव्हे, तर बहुतेक साऱ्या बँडला दिलेले आहे. मग पैसा आला, नाव आले आणि भांडण आले. १९९० साली ॲडलरला काढले. १९९१ साली इझी निघून गेला, १९९६ साली स्लॅश, १९९७ साली डफ. नाव ॲक्सलकडे राहिले. आमच्यातही असेच असते: युनियन फुटली की नोंदणी क्रमांक ज्याच्या हाती, युनियन त्याची, माणसे कुठे का जाईनात. २०१२ च्या डिसेंबरात हा बँड मुंबईत येऊन गेला. तेव्हा ॲक्सल होता. स्लॅश नव्हता, डफ नव्हता. फलक तोच, पण फलकाखालची माणसे निराळी.

जुने सोबती पुन्हा एकत्र येतील काय, असे ॲक्सलला एकदा विचारले तेव्हा त्याने, या जन्मी तरी नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले होते. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये तो, स्लॅश आणि डफ एका रंगमंचावर उभे राहिले, आणि त्यांनी आपल्या दौऱ्याला नाव दिले ते त्या उत्तराचेच! २०१९ पर्यंत चाललेल्या या दौऱ्याची तिकिटे ५८ कोटी डॉलरांच्या वर खपली. इझी मात्र आला नाही. मिळकतीची समान वाटणी करायला ते तयार नव्हते, असे त्याने त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले. इझीची ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

कोणी म्हणेल, हे साहेबांच्या देशातले कौतुक. तसे नाही. बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोघांच्या चाहत्यांचे तट काय होते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. केशवराव वऱ्हाडाला परके नव्हते. आपल्या अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' त्यांच्याच ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले होते. ते दोघे प्रतिस्पर्धी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमाना'त एकत्र उभे राहिले, टिळक स्वराज्य फंडासाठी. तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. ज्यांनी तो प्रयोग पाहिला त्यांनी ती रात्र जन्मभर जपली. आणि कामगार चळवळीचे म्हणाल, तर १९२० साली स्थापन झालेली आयटक १९२९ साली फुटली ती आपल्या नागपूरच्या अधिवेशनात, आणि फुटून गेलेल्यांबरोबर तिचे संयुक्त अधिवेशन १९३८ साली भरले तेही नागपूरलाच. पुढे ती पुन्हा फुटली, हेही खरे. फुटणे आणि जुळणे हे आपल्या पाण्यातच आहे.

असो. आता आमची गोष्ट. हिच्यातल्या दुसऱ्या माणसाची परवानगी घेऊनच ती सांगत आहोत.

तो फिटर आणि आम्ही मिळून फॅक्टरीत युनियन बांधली. १९९८ साली मजुरीवाढीसाठी संप झाला. सतराव्या दिवशी रात्री दोन वाजता वाटाघाटी संपल्या. कायम कामगारांना वाढ मिळत होती; मात्र अकरा हंगामी कामगारांची नावे पुढच्या हंगामाच्या यादीत राहणार नव्हती. हा मसुदा सकाळच्या गेटसभेपुढे ठेवायला हवा होता. आम्ही तो ठेवला नाही. सभा फेटाळील, संप मोडेल, अशी भीती वाटली आणि आम्ही सही केली. सकाळी आमच्या मित्राने फाटकावर उभे राहून, ही गद्दारी आहे, असे सांगितले. आम्ही उलट, तो मालकाचा दलाल आहे, असे सांगितले. ते खोटे आहे हे बोलताना आम्हांस माहीत होते. त्याने निराळी युनियन काढली. नोंदणी क्रमांक आमच्याकडे होता, म्हणून नाव आमच्याकडे राहिले. पुढे आम्ही अमरावतीस राहायला आलो. सत्तावीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो बँडही त्यानंतर आम्ही कधी मन लावून ऐकला नाही. एकट्याने ऐकण्याची ती गोष्टच नव्हती.

गेल्या वर्षी एप्रिलात त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, १७ मेला मुंबईत गन्स एन रोझेस येताहेत. बाबांसाठी दोन तिकिटं काढली. मला सुट्टी मिळत नाही, अन् त्यांचं बायपास झालेलं. एकटं कसं पाठवू?" तिकिटाची किंमत त्याने सांगितली नाही व आम्ही विचारली नाही, कळली असती तर आम्ही गेलो नसतो. अमरावतीहून संध्याकाळच्या मुंबई गाडीत आम्ही बसलो. अकोल्याला तो चढला. पिशवी ठेवली आणि सत्तावीस वर्षांनंतरचे पहिले वाक्य बोलला: "खिडकी मले पायजे." आम्ही सरकलो. इगतपुरीपर्यंत दुसरे वाक्य झाले नाही.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर माणसांचा समुद्र होता. आमच्या वयाचे थोडे, पोरे फार. एका मुलीने आम्हां दोघांना कठड्याला टेकायला जागा करून दिली. मग ते आले. ॲक्सल त्रेसष्ट वर्षांचा, डफ एकसष्टचा, स्लॅश साठीच्या दाराशी. तीच उंच काळी टोपी. ॲक्सलचा आवाज १९९१ चा राहिलेला नाही. वरच्या जागा पूर्वीसारख्या लागत नाहीत. पण खरे सांगायचे तर आम्ही दोघे गाणे ऐकतच नव्हतो. ॲक्सल आणि स्लॅश यांच्यामधले अंतर मोजत होतो. हे दोघे एकमेकांकडे पाहतात काय? केव्हा पाहतात? फार वेळा पाहत नव्हते. एकाचे गाणे संपते तिथे दुसऱ्याची गिटार उचलते, एवढे मात्र एकदाही चुकत नव्हते. त्यांच्या मनांतले मिटले की नाही, देव जाणे. हातांतले काम जुळले होते. 'नोव्हेंबर रेन' सुरू झाले, ॲक्सल पियानोवर बसला, स्लॅश पुढे आला, आणि आमच्या मित्राने आमचे मनगट धरले. नंतर सोडले नाही.

परतीच्या गाडीत आम्ही त्याला म्हणालो, "त्या रात्री सही करायला नको होती. आणि तुला दलाल म्हणालो ते खोटे होते."

तो म्हणाला, "हाव. मले मालूम होतं." मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहून म्हणाला, "आपलं झालं राजा. पन त्या अकरा जनाचं काय?"

बंधुभगिनींनो, इझीची गोष्ट लक्षात ठेवा म्हणालो होतो ती याचसाठी. फुटलेला ताफा पुन्हा उभा राहतो तेव्हा चाहत्याच्या डोळ्यांत पाणी येते, आमच्याही आले, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण डोळे पुसल्यावर माणसे मोजावीत. कोण आले ते सर्वांना दिसते. कोण आले नाही, आणि कोणत्या हिशेबामुळे आले नाही, हे मुद्दाम पाहावे लागते. दोन पुढाऱ्यांनी गळ्यात गळे घालायला खर्च काही येत नाही. वाटणीत जो राहिला त्याची वाटणी द्यायला खर्च येतो.

आम्ही दोघे त्या अकरांच्या शोधाला लागलो. चौघे वारले होते. काही कामाच्या शोधात सुरतेकडे गेले ते तिकडचेच झाले. एक जण मूर्तिजापूरला चहाची टपरी चालवतो. आम्हां दोघांना एका बाकावर बसलेले पाहून त्याने चहा दिला आणि म्हणाला, "तुमचं दोघाईचं जमलं, बरं झालं बाप्पा. पन माह्या हिशोबाचं काय?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पंचाहत्तर किलोंचा तो माणूस एकेकाळी एकशेसत्तर किलोंची गठाण आपल्या जोडीदाराबरोबर लोटत नेई. त्याचे हंगाम आम्ही त्याला परत देऊ शकत नाही. आम्ही तसे सांगितले. त्याने मान हलवली आणि चहाचे पैसे मागितले. आम्ही दिले.

यंदाच्या हंगामात दोन्ही युनियनांनी मिळून एक मागणीपत्र दिले आहे. युनियना एक झालेल्या नाहीत. झेंडे दोन आहेत, तंटे आहेतच. पण पत्रावर सह्या दोन आहेत आणि पहिले कलम मजुरीचे नाही. ते असे आहे, की हंगामी कामगारांची यादी ज्येष्ठतेप्रमाणे लावावी आणि गेटसभेपुढे वाचल्याशिवाय तीतून एकही नाव कमी करू नये. मालक मंडळींनी ते अजून मानलेले नाही. मसुदा मान्य झाला की तो कितीही रात्र झाली तरी आधी फाटकावर वाचला जाईल. तो वाचण्याचे काम आमच्या मित्राकडे आहे. तो तिकडे तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि त्याला टाळ्या आवडत नाहीत.