ऑग्डेनचे वॅटिस बंधू



वसंतातील व्याख्यानांच्या या व्यासपीठावरून चरित्रे सांगितली जातात ती बहुधा संतांची, मुत्सद्द्यांची किंवा ग्रंथकारांची. कंत्राटदाराचे चरित्र सांगावयास कोणी उभा राहिला, तर श्रोत्यांच्या कपाळावर आठी पडावी हे स्वाभाविक आहे. कंत्राटदार म्हटला की पहिल्याच पावसात वाहून गेलेली सडक आणि उद्घाटनाच्या दुसऱ्याच महिन्यात गळू लागलेले शाळेचे छप्पर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते चित्र अगदीच खोटे आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण ज्या पुलावरून आपण रोज जातो, तो कोणीतरी बांधलेला असतो, आणि त्या पुलावर नाव असते ते उद्घाटन करणाऱ्याचे. बांधणाऱ्याचे नाव मोजमापाच्या वहीत राहते आणि वही वाळवी खाते.

आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहो, ते दोघे भाऊ अमेरिकेतील युटा संस्थानच्या ऑग्डेन नावाच्या लहानशा शहरातले. एडमंड ऑर्सन वॅटिस हा वडील, जन्म १८५५चा. विल्यम हेन्री हा धाकटा, जन्म १८५९चा. दोघेही कंत्राटदार आणि दोघेही गुरांच्या मोठ्या रानाचे धनी. तिकडे अशा रानाला 'रँच' म्हणतात. आपल्या शेतीशी त्याची तुलना करू नये. नांगर, पाभर, पीक यांचा तेथे फारसा संबंध नाही. मैलोगणती पसरलेले ओसाड चराऊ रान, त्यात मोकळी सोडलेली हजारो गुरे आणि हिवाळ्यासाठी रचलेल्या वाळल्या गवताच्या गंजी, हा रँचचा संसार.

या भावांचे घर वेबर नदीच्या खोऱ्यात होते. १८६९च्या वसंतात पॅसिफिक महासागरापर्यंत जाणारी पहिली आगगाडी याच नदीच्या घळीतून खाली उतरली, ८ मार्चला ऑग्डेनला पोहोचली आणि १० मे रोजी प्रॉमंटरी येथे पूर्वेचे व पश्चिमेचे रूळ जोडले गेले. थोरला तेव्हा चौदाच्या आतबाहेर, धाकटा नऊ वर्षांचा. ज्या खोऱ्यात काल-परवापर्यंत बैलगाडीखेरीज काही आले नव्हते, त्या खोऱ्यातून डोंगर फोडीत, भराव घालीत रेल्वे जाते, ही गोष्ट त्या वयाच्या मुलांच्या मनावर केवढा ठसा उमटवीत असेल याची कल्पना करावी. मॉर्मन पंथाच्या त्या शेतकऱ्यांनी रेल्वेच्या मातीकामाची पोटकंत्राटे घेतली होती. घरचे घोडे, घरची माणसे आणि घरचेच फावडे एवढ्या भांडवलावर त्या खोऱ्यात कंत्राटाचा धंदा रुजला.

त्या काळचे मातीकाम कसे चाले हे थोडे सांगावयास हवे, कारण या माणसांचा स्वभाव त्यातून घडला आहे. वाफेचा फावडा सर्वत्र पोहोचण्यापूर्वी सारे काम घोड्यांचे आणि खेचरांचे. आधी नांगराने जमीन उकलावयाची, मग घोड्यांनी ओढावयाच्या लोखंडी खोऱ्याने ती माती उचलून भरावावर नेऊन टाकावयाची. १८८३ साली फ्रेस्नो गावच्या जेम्स पोर्टियस नावाच्या स्कॉटिश कारागिराने या खोऱ्यात अशी सुधारणा केली की एकच माणूस चार घोड्यांच्या जोरावर माती उचलील, वाहील आणि पसरीलही. चांगला कंत्राटदार तो, की जो डोंगराच्या उतारावर उभा राहून येथील खोदाईची माती कोणत्या भरावाला पुरेल आणि घोड्याला किती पावले चालावे लागेल, याचा हिशेब मनात मांडी. पावले वाढली की नफा गेला. अशा कंत्राटदाराचा खर्च वैरणीवर होई. म्हणून कंत्राटदाराने गुराढोरांचा व गवताचाही धनी असावे यात आम्हांस नवल वाटत नाही. एकाच धंद्याची ती दोन अंगे होती.

आजोळच्या कोरी मंडळींबरोबर या भावांनी आधी एक पेढी चालविली. १८९३चे आर्थिक अरिष्ट आले, बँका कोसळल्या, रेल्वे कंपन्यांचे दिवाळे निघाले आणि त्यांच्या तडाख्यात ही पेढीही बुडाली. कंत्राटदाराला बुडवावयास त्याची स्वतःची चूक लागत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. काम चोख असते, भराव उभा असतो, आणि ज्याच्याकडून पैसा यावयाचा तोच बुडालेला असतो. थोरला तेव्हा चाळिशीला आलेला. त्या वयात बुडालेले लोक बहुधा जन्मभर आपल्या दुर्दैवाची कहाणी सांगत बसतात. या दोघांनी १९०० साली ऑग्डेनमध्येच युटा कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. डेव्हिड एक्लिस, टॉमस डी हे गावातले सधन गृहस्थ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ऑग्डेनची वस्ती त्या वर्षी सुमारे १६ हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. बुडालेल्या माणसाला गावानेच पुन्हा पत द्यावी, हे लहान गावात घडते. मोठ्या शहरात बुडालेल्याचे नाव कोणाला आठवत नाही, मग पत कोठली? जाता जाता सांगावयाचे म्हणजे, या एक्लिसचा मुलगा मॅरिनर पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा अध्यक्ष झाला आणि वॉशिंग्टनमधील तिची इमारत आज त्याच्या नावाने ओळखली जाते.

कंपनीला हात दिला तो वेस्टर्न पॅसिफिक रेल्वेने. कॅलिफोर्नियातील फेदर नदीच्या घळीतून हा मार्ग न्यावयाचा होता. दोन्ही बाजूंना सरळ कडे, खाली खळाळणारी नदी आणि पायवाटही नाही अशी जागा. १ नोव्हेंबर १९०९ रोजी त्या मार्गाचा शेवटचा खिळा ठोकला गेला. पुढे सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी पुरविण्यासाठी हेच हेची खोऱ्यात ओशॉनेसी धरण बांधावयाचे ठरले, तेही काम याच कंपनीने घेतले आणि १९२३ साली पुरे केले. रेल्वेचे दिवस सरत चालले होते आणि धरणांचे दिवस उगवत होते. ते या भावांनी वेळेवर ओळखले.

आता रानाकडे वळू. नेवाडा संस्थानच्या ईशान्य कोपऱ्यात, एल्को परगण्यात, स्पार्क्स आणि हॅरेल या दोघा गुरांच्या राजांची अवाढव्य मालमत्ता होती. यांतला जॉन स्पार्क्स पुढे नेवाडाचा गव्हर्नर झाला. १८८९-९०चा हिवाळा असा आला की बर्फाखाली गवत गाडले गेले आणि कळपच्या कळप उपाशी मेले. वसंतात बर्फ वितळले तेव्हा ओढ्याच्या काठाकाठाने सांगाडे दिसू लागले. त्यानंतर 'आधी वैरण, मग गुरे' हा धडा सर्वांनी गिरविला. ही मालमत्ता हात बदलीत बदलीत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वॅटिस बंधूंच्या कंपनीकडे आली आणि मॉन्टेलो या रेल्वेच्या ठाण्याच्या आसपास तिचा कारभार सुरू झाला.

या रानाचे एक मर्म आहे. तेथे बहुतेक जमीन सरकारची, कोणीही गुरे चारावी. मग मालकी कशाची? मालकी पाण्याची. ओढ्याच्या काठची आणि झऱ्याभोवतीची अरुंद पट्टी ज्याच्या नावावर, त्याचे भोवतालचे शेकडो मैलांचे कोरडे रान आपोआप झाले, कारण दुसऱ्याची गुरे तेथे तहानेने मरतील. १९३४ साली टेलर यांच्या चराई कायद्याने सरकारी रानाला परवाने आणि शुल्क लागू झाले, तोपर्यंत हीच रीत होती. एका झऱ्याची किंमत काय असते हे ज्याने नेवाडात शिकले, त्याला कोलोरॅडो नदी अडविण्याचा अर्थ इंजिनियरांनी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

धाकट्या विल्यमला मध्येच राजकारणाचा मोह झाला. १९२८ साली तो युटाच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षातर्फे उभा राहिला आणि जॉर्ज डर्न यांच्याकडून हरला. आमच्या मते ते बरे झाले. निवडून आला असता तर पुढची गोष्ट सांगावयास उरली नसती.

कोलोरॅडोच्या ब्लॅक कॅन्यनमध्ये ७२६ फूट उंचीचे धरण बांधावयाचे सरकारने ठरविले, तेव्हा एका कंपनीला झेपेल असे ते कामच नव्हते. नुसत्या जामीनकीलाच ५० लाख डॉलर लागणार होते. आयडाहोतील बॉइसी या दुसऱ्या लहान शहराचा कंत्राटदार हॅरी मॉरिसन याने पश्चिमेकडील कंत्राटदारांची जूट बांधण्याचे मनावर घेतले. वॅटिस बंधूंनी १० लाख डॉलर घातले. इतर पेढ्या मिळून ५० लाख झाले आणि 'सिक्स कंपनीज' उभी राहिली. तिचा पहिला अध्यक्ष विल्यम वॅटिस. ४ मार्च १९३१ रोजी डेन्व्हर येथे टेंडरे उघडली गेली. नियमांत बसणारी टेंडरे तीनच होती. यांचे टेंडर सुमारे ४ कोटी ८९ लाख डॉलरांचे, दुसरे त्याहून जवळजवळ ५० लाखांनी जास्त, आणि सरकारी इंजिनियरांनी गुप्त ठेवलेल्या अंदाजाशी यांच्या आकड्याचा फरक अवघा २४ हजारांचा! हा हिशेब केला होता फ्रँक क्रो या इंजिनियराने. ज्यांनी कधी अंदाजपत्रक केले असेल, त्यांना यातले कौतुक कळेल.

पण अध्यक्ष मात्र तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या इस्पितळात कर्करोगाने अंथरुणाला खिळलेला होता. बातमीदार त्याच्या खाटेपाशी आले, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, की हेही एक धरणच आहे, इतरांहून मोठे एवढेच.

श्रोतेहो, येथवर गोष्ट सुखाची आहे. येथून पुढची सांगताना जीभ जड होते, परंतु ती गाळून चरित्र सांगणे म्हणजे भाटगिरी होईल. देशात मंदी होती, लाखो लोक बेकार होते, म्हणून सरकारने काम नेमल्या मुहूर्ताच्या आधीच सुरू करविले. मजुरांसाठी बोल्डर सिटी हे गाव बांधावयाचे होते, पण त्याची घरे उभी राहण्यापूर्वीच मजूर घळीत दाखल झाले. १९३१चा तो उन्हाळा भयंकर होता. नदीकाठच्या तळावर पिण्यास थंड पाणी नाही, सावलीला झाड नाही. एका महिन्याच्या आत डझनाहून अधिक माणसे उष्म्याने मेली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने बोगद्यातल्या काही कामगारांची मजुरी कापली आणि संप झाला. कामगारांनी काय मागितले? थंड पाणी, शौचकूप, बोगद्यात सुरक्षितता आणि नेवाडाच्या खाणकायद्याचे पालन. विल्यमने सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर दिले ते असे, की आमच्या अटी मान्य असतील तर काम करा, नाहीतर करू नका. दाराशी हजारो बेकार उभे असताना असे उत्तर देण्यास धैर्य लागत नाही. संप आठवडाभरात मोडला. थंड पाण्याची आणि घरांची सोय नंतर झाली हे खरे, पण आधी माणसे मेली हेही तितकेच खरे.

संपानंतर महिन्याभरातच, सप्टेंबर १९३१मध्ये, विल्यम वॅटिस वारला. मागे राहिला थोरला भाऊ, वयाची पंचाहत्तरी उलटलेला. बोगद्यांत पेट्रोलवर चालणाऱ्या मालमोटारी धावत होत्या. त्यांच्या विषारी धुराने माणसे आजारी पडत, आणि मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून न्यूमोनिया लिहिला जाई. कामगारांनी कंपनीवर खटले भरले, ते वर्षानुवर्षे चालले आणि १९३६च्या आरंभी पैसे देऊन मिटविले गेले. कृष्णवर्णीय कामगारांना तर हजारोंच्या त्या मजूरसंख्येत तिसांच्या आसपास जागा मिळाल्या. कामाच्या जागी झालेल्या अपघाती मृत्यूंचा सरकारी आकडा ९६ आहे. बोगद्यांतील धुराचे बळी त्यात नाहीत.

मग या भावांविषयी काय म्हणावे? आमच्यापुढे हा प्रश्न पुष्कळ दिवस होता. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने घोडे जुंपले, जो एकदा धुळीस मिळून पुन्हा उठला, त्यालाच तळावरचा मजूर परका का व्हावा? आम्हांस असे वाटते, की वेबरच्या खोऱ्यात मालक आणि मजूर एकाच पंगतीत जेवत. घोडा थकला तर मालकाला दिसे, माणूस थकला तर तोही दिसे. इस्पितळातल्या खाटेवरून आणि संचालकांच्या बैठकीतून ब्लॅक कॅन्यन दिसत नव्हता, दिसत होते ते मजुरीचे दर. रानात कळप वाचविण्यासाठी हिवाळ्याच्या आधी गंज रचून ठेवणारे हे लोक. माणसांच्या तळासाठी उन्हाळ्याच्या आधी पाण्याची सोय ठेवावी हे त्यांना का सुचू नये? सुचले नसेल असे नाही. गुरे विकत घ्यावी लागतात आणि मजूर दाराशी आपोआप येतात, हा फरक त्यात असावा.

एडमंड वॅटिसही फेब्रुवारी १९३४मध्ये गेला. धरणाचे काँक्रीट मे १९३५मध्ये पुरे झाले आणि ३० सप्टेंबरला रूझवेल्ट यांनी धरण राष्ट्राला अर्पण केले, तेव्हा दोघांपैकी एकही हयात नव्हता. कंपनीला एक कोटी डॉलरांवर नफा झाला असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेवाडातील रान विकले गेले आणि त्याचे तुकडे झाले. कंपनी बांधकामाकडून खाणींकडे वळली, १९७६ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली, आणि पुढे तिचा कारभार ऑस्ट्रेलियन कंपनीच्या हाती गेला. तिची जुनी दप्तरे मात्र ऑग्डेनच्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत.

धरणाला आधी हूवरचे नाव होते, १९३३ साली ते काढून बोल्डर म्हटले गेले, आणि १९४७मध्ये पुन्हा हूवरचे झाले. विल्यम वॅटिसच्या नावाचे एक गाव युटाच्या कार्बन परगण्यात आहे. ते कोळशाच्या खाणीसाठी वसले होते, खाण बंद पडली, आणि आता तेथे कोणी राहत नाही.